जिप्सीला डीआरएल बसवले: दिवसा मंद, रात्री फुल, आणि आठवड्यात बॅटरी डाऊन

गाडी मारुती जिप्सी, एमजी४१३डब्ल्यू, २००७ चं मॉडेल, एमपीएफआय इंजिन, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. बाहेरून आणलेले एलईडी डीआरएल, म्हणजे दिवसा गाडी समोरच्याला दिसावी म्हणून पुढे लावायचे लाईट, बसवले आणि तेव्हापासून दीड वर्ष एकामागून एक काहीतरी चालूच होतं. आता ते सगळं मिटलंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण माझ्या ओळखीतल्या आणखी तीन-चार जिप्सीवाल्यांना अगदी हाच त्रास झालाय आणि प्रत्येकाने लाईटचा सेट बदलला, कोणी बॅटरी बदलली, एकाने तर डायनॅमो खोलून घेतला, तरी त्रास गेला नाही. लाईट खराब नसतेच हो. गडबड असते ती लाईटची वायर कुठे जोडली त्यात.

आधी डीआरएल का बसवले ते सांगतो. माझं जाणं-येणं कोल्हापूर-गगनबावडा आणि खाली करूळ घाटाने वैभववाडीकडे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथे दिवसासुद्धा ढग रस्त्यावर उतरलेले असतात आणि माझी गाडी गडद हिरवी, झाडीत आणि धुक्यात समोरच्याला शेवटच्या क्षणाला दिसते. एकदा वळणावर एसटी अगदी अंगावर आली, ड्रायव्हरची काही चूक नव्हती, त्याला मी दिसलोच नव्हतो. त्याच आठवड्यात लाईट घेऊन आलो.

आता त्रास काय काय होता ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीशी जुळवून बघता येईल.

पहिला प्रकार: सेटसोबत एक छोटा कंट्रोलर बॉक्स होता. त्याची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला आणि तिसरी एक पातळ वायर हेडलाईटला जोडायची. या तिसऱ्या वायरीचं काम असं की तिच्यावर १२ व्होल्ट आले की बॉक्सला कळतं हेडलाईट लागलीय, मग तो डीआरएल मंद करतो. ज्या दुकानात बसवून घेतले तिथल्या पोराने ती वायर हेडलाईटच्या डिपरच्या (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोताच्या) पिनेला जोडली. गाडी चालू केली तर डीआरएल मिणमिण मिणमिण. रात्री डिपर टाकला की एकदम फुल. म्हणजे जे दिवसा व्हायला पाहिजे ते रात्री आणि रात्रीचं दिवसा. दुकानदार म्हणाला पीस फॉल्टी आहे, दुसरा बॉक्स लावून दिला, तोही तसाच. मग तिसरा.

दुसरा प्रकार: कंटाळून मी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने तो बॉक्स काढूनच टाकला आणि त्याऐवजी रिले, म्हणजे आतल्या कॉइलला करंट मिळाला की ओढला जाणारा स्विच, बसवला. रिलेच्या कॉइलचं एक टोक डिपरच्या पिनेला, दुसरं बॉडीला. डीआरएलचा प्लस इग्निशनमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला आणला आणि ८७ मधून लाईटला दिला. आता दिवसा डीआरएल फुल, रात्री डिपर टाकला की बंद. मी खूश. त्याने काम मन लावून केलं होतं, वायरी नीट बांधल्या होत्या, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पण पाच-सहा दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टक टक टक. धक्का मारून चालू करायची, दोन दिवस बरं चालायचं, परत उभी राहिली की परत तेच. बॅटरी तीन वर्षांची होती म्हणून नवीन घेतली. नवीनही सहाव्या दिवशी डाऊन.

आणि याच काळात अजून एक गोष्ट घडत होती जिच्याकडे मी लक्ष दिलं नाही, खरं उत्तर तिथेच होतं. रात्री डिपरवर डीआरएल बंद असायचे, पण अप्पर (लांबचा झोत) टाकला की ते परत लागायचे. मला वाटलं रिलेची काहीतरी सेटिंग असेल.

कोल्हापुरात उद्यमनगरात एक वयस्क वायरमन काका आहेत, जुन्या गाड्यांचंच काम करतात, शेवटी त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडून काही न बोलता चावी काढायला लावली, सगळे लाईट बंद करायला लावले आणि मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन डिपरच्या पिनेला मागून टोचली. मीटरवर १२.४ व्होल्ट. चावी माझ्या हातात, लाईट बंद, आणि डिपरच्या पिनेवर करंट! मग म्हणाले, आता डिपर टाक. टाकला, हेडलाईट लागली आणि मीटर शून्याच्या जवळ आला. "बघितलंस का, ही गाडी मायनसवर चालती," एवढंच बोलले ते, आणि माझ्या दीड वर्षाच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तेवढ्यात मिळालं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. आपल्या घरात बल्बचा स्विच फेजच्या वायरीवर असतो. स्विच बंद केला की होल्डरमध्ये करंट येतच नाही. आता समजा कोणी स्विच न्यूट्रलच्या वायरीवर बसवला तर? बल्ब लागेल, बंदही होईल, वरून काही फरक दिसणार नाही, पण होल्डरमध्ये फेज कायम असेल. जिप्सीच्या हेडलाईटचं असंच आहे. एच४ बल्बला तीन पिना असतात, एक कॉमन, एक डिपरची, एक अप्परची. बऱ्याच गाड्यांत कॉमन पिन बॉडीला असते आणि स्विच टाकला की डिपर किंवा अप्परच्या पिनेवर प्लस येतो. इथे उलट. कॉमन पिनेवर फ्यूजमधून प्लस कायम येऊन थांबलेला असतो, आणि स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच डिपर किंवा अप्परची पिन मायनसला टेकवतो. तसा हा काही दोष नाही, ती एक पद्धत आहे, सुझुकीच्या त्या काळच्या या घराण्यात तीच होती, आणि टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझर आणि हायलक्समध्येही हेच सापडतं. माझा एक मावसभाऊ मस्कतला असतो, त्याच्याकडे ८० सीरिजची लँड क्रूझर आहे, त्याने रिले किट बसवताना असाच डोकं धरून बसायचा प्रसंग काढलाय.

आता वरचे प्रकार परत बघा.

लाईट बंद असताना डिपरच्या पिनेवर बल्बच्या फिलामेंटमधून १२ व्होल्ट येतात. कंट्रोलर बॉक्सला वाटतं हेडलाईट लागलीय, तो डीआरएल मंद करतो. रात्री डिपर टाकला की पिन शून्यावर जाते, बॉक्सला वाटतं हेडलाईट बंद झाली, तो फुल करतो. म्हणजे तिन्ही बॉक्स चांगले होते. ते आपलं काम बरोबर करत होते, त्यांना चुकीची खबर मिळत होती.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनचा रिले: लाईट बंद असताना डिपरच्या पिनेवर १२ व्होल्ट, म्हणून कॉइलला करंट, रिले ओढलेला, डीआरएल चालू. डिपर टाकला की कॉइल सुटते, डीआरएल बंद. दिसायला अगदी पाहिजे तसं. पण ही कॉइल चावी बंद असतानाही ओढलेलीच राहते, कारण हेडलाईटचा प्लस चावीवर नाहीच, तो बॅटरीवरून थेट आहे. डीआरएल विझलेले दिसतात कारण त्यांचा प्लस इग्निशनवर आहे, आणि आत रिले मात्र २४ तास बसून करंट खातोय. साध्या ऑटो रिलेची कॉइल ८०-९० ओहमची असते, म्हणजे साधारण ०.१४ ते ०.१५ अँपिअर. दिवसाला झाले जवळजवळ साडेतीन अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीतून सहा दिवसांत वीस-एकवीस गेले तर सेल्फ कुठून फिरणार.

आणि अप्परचं कोडं: अप्पर टाकल्यावर मायनसला अप्परची पिन टेकते, डिपरची पिन सुटते, तिच्यावर परत १२ व्होल्ट येतात, रिले ओढतो आणि डीआरएल लागतात. तुमच्या गाडीत डिपरवर डीआरएल बंद आणि अप्परवर चालू असं होत असेल तर बाकी काही तपासायच्या आधी हेच कारण धरून चाला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुष्कळ वायरमन बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरतात आणि तो इथे फसवतो. डिपरच्या पिनेला टेस्ट लॅम्प लावला की तो छान पेटतो, मग माणूस म्हणतो इथे प्लस आहे. प्लस आहेच, पण तो हेडलाईटच्या फिलामेंटमधून पलीकडून आलाय हे लॅम्प सांगत नाही. त्यामुळे लाईट बंद आणि लाईट चालू अशा दोन्ही वेळी मोजायचं, आणि मोजायचं मीटरने. साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशेला मिळतो, जुनी गाडी ठेवणाऱ्याने तो डिकीत टाकूनच ठेवावा.

मोजायची पद्धत अशी. चावी बंद, सगळे लाईट बंद, मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरा, बॉडीला नको, का ते पुढे येतं. लाल पिन सॉकेट न काढता डिपरच्या वायरीत मागून हलकेच लावा. बंद असताना १२ आणि चालू केल्यावर शून्याच्या आसपास आलं तर गाडी मायनस स्विचिंगची. बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२ आलं तर प्लस स्विचिंगची. सॉकेट काढून तपासणार असाल तर दोन्ही बाजूंचे काढा, कारण एकच काढलं तर दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून त्या वायरीवर व्होल्टेज येऊ शकतं आणि तुम्ही गोंधळात पडाल. तुमची गाडी दुसरी असेल, महिंद्राची जुनी जीप किंवा टाटाची सुमो-सफारी, तरी मोजल्याशिवाय काही धरून चालू नका, आधीच्या मालकाने वायरिंग बदललेलं असू शकतं. जिप्सीचा वायरिंग डायग्राम पाहिजे असेल तर बाहेरच्या देशांत हे घराणं एसजे आणि सामुराई नावाने विकलं गेलंय, त्या नावाने शोधलं की पुष्कळ मिळतं, रंग तंतोतंत जुळतीलच असं नाही पण पद्धत समजते.

आता बॅटरी उतरतेय का ते कसं बघायचं. बॅटरीचा मायनस टर्मिनल सोडवा, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि मीटर सुटलेली केबल आणि बॅटरीचं मायनस यांच्या मध्ये लावा. चावी बंद, दारं बंद, केबिनची लाईट बंद. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. माझ्याकडे ०.१६ अँपिअर दिसत होते. रिले सॉकेटमधून उपटला तर ०.०२ वर आले. जिप्सीत इलेक्ट्रॉनिक्स फार नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि टेपची मेमरी सोडली तर खाणारं काही नसतं, त्यामुळे ०.०५ च्या वर काही दिसलं तर एकेक फ्यूज काढत शोधायचं.

मग जोडायचं कसं? हेडलाईटला हातच लावायचा नाही. खबर घ्यायची ती पार्किंग लाईटकडून. माझ्या गाडीत पार्किंग लाईट सरळ प्लसवर स्विच होते, बंद असताना वायरीवर शून्य, चालू केली की १२, आणि पार्किंगचा बल्ब बॉडीला. (हेही मोजूनच.) शिवाय स्विचच्या पहिल्या टप्प्यात पार्किंग लागते आणि दुसऱ्या टप्प्यात हेडलाईट लागली तरी पार्किंग चालूच राहते, त्यामुळे डिपर असो नाहीतर अप्पर, डीआरएल बंदच राहणार.

पाच पिनांचा रिले घ्या, ज्यात ८७ए असते, म्हणजे कॉइलला करंट नसताना ३० ला जोडलेली पिन. चार पिनांचा चालणार नाही. ८६ ला पार्किंगचा प्लस, ८५ ला मायनस. ३० ला इग्निशनचा प्लस, फ्यूजमधून. ८७ए वरून डीआरएलचा प्लस. ८७ मोकळी, तिच्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवून ठेवा म्हणजे कुठे टेकायची नाही. आता चावी लावली की ३० वर करंट, रिले आराम करतोय, ८७ए जोडलेली, डीआरएल चालू. पार्किंग टाकली की कॉइल ओढते, ८७ए सुटते, डीआरएल बंद. चावी काढली की काहीच उरत नाही, कॉइलसुद्धा फक्त पार्किंग चालू असेपर्यंतच करंट घेते. हा रिले गाडी उभी असताना काहीही खात नाही, दोन्ही रिलेंमधला खरा फरक हाच. रिलेत आतून डायोड असेल तर ८६ प्लस आणि ८५ मायनस हे उलटं करू नका.

इग्निशनचा प्लस मी केबिनमधल्या फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने घेतला. चावी दोन नंबरला आल्यावरच जिथे १२ येतात असा फ्यूज मीटरने शोधला. टेपच्या एसीसीवरून (चावीच्या पहिल्या टप्प्यात मिळणाऱ्या करंटवरून) घेऊ नका, नाहीतर गाणी ऐकत बसलात तरी डीआरएल चालू राहतील. माझ्या दोन्ही लाईट मिळून १ अँपिअरच्या आतच घेतात, त्यामुळे ३ अँपिअरचा फ्यूज पुरला, वायर ०.७५ एमएमची. काही जण डायनॅमोच्या चार्जिंग लाईटच्या वायरीवरून लाईटचा लोड घेतात, इंजिन चालू झाल्यावरच लागावेत म्हणून. ते करू नका. ती वायर डायनॅमोच्या फील्डसाठी असते, तिच्यावर लोड टाकला की चार्जिंगचं गणित बिघडतं आणि परत बॅटरीचाच त्रास मागे लागतो.

इथपर्यंत झाल्यावर बॅटरी टिकायला लागली, लाईट सुलटी झाली. पण अजून एक राहिलं होतं. उजवा इंडिकेटर टाकला की उजवा डीआरएल इंडिकेटरच्या तालावर फडफडायचा. पावसात जास्त, उन्हाळ्यात कमी. याचं कारण वेगळं, पण जुन्या गाडीत हमखास सापडणारं: अर्थिंग. बसवणाऱ्याने डीआरएलची काळी वायर इंडिकेटरच्याच अर्थिंगच्या बोल्टला अडकवली होती, आणि तो बोल्ट मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, रंगावरून आवळलेला, खाली गंज. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे तो लागला की पावणेदोन अँपिअर त्या गंजातून परत जाणार. गंजाने थोडा जरी रेझिस्टन्स दिला तरी तिथे व्होल्ट अडकतात आणि डीआरएलला तेवढे कमी मिळतात.

हे मोजायला फार सोपं आहे आणि तरी कोणी मोजत नाही. डीआरएल चालू ठेवा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन डीआरएलच्या अर्थिंगच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर). खरं तर मायनस ते मायनस, काहीच दिसायला नको. ०.१ व्होल्टपर्यंत चालतं. माझ्याकडे नुसत्या डीआरएलवर ०.४ होते आणि इंडिकेटर लागला की १.८ पर्यंत उडी. वरती मी काळी पिन बॉडीला न धरता बॅटरीवर धरायला सांगितलं ते याच्यासाठी, बॉडीच गंजलेली असेल तर तिच्यापासून मोजलेलं काहीच खरं नसतं. एका मित्राच्या गाडीत तर अर्थिंग पूर्ण सुटलेलं होतं आणि डीआरएलचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढून पलीकडे जात होता, डीआरएल पिवळसर मंद आणि इंडिकेटर न टाकता बारीक लागलेला.

इलाज: त्या बोल्टचा नाद सोडला. दोन्ही डीआरएलच्या काळ्या वायरी एकत्र करून १.५ एमएमची एक वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली, लग क्रिंप करून. आणि इंडिकेटरचा बोल्टही काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, दातेरी वॉशर टाकून आवळला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आता ०.०३. इंडिकेटर स्वतः आधीपेक्षा उजळ झाला ते वेगळंच.

लाईट निवडण्याबद्दल दोन शब्द, कारण माझा पहिला सेट शेवटी गेलाच. पातळ पट्टीसारख्या स्वस्त लाईटमध्ये तीन एलईडी एकापाठोपाठ आणि एक रेझिस्टर एवढंच असतं. पांढरा एलईडी साधारण ३.१ व्होल्ट घेतो, तिघांचे ९.३. बारा व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला २.७ येतात. पण इंजिन चालू झालं की डायनॅमो चौदाच्या वर देतो, १४.४ धरा, मग रेझिस्टरवर ५.१. म्हणजे व्होल्टेज वाढलं पाचव्या हिश्श्याने आणि एलईडीमधून जाणारा करंट झाला जवळजवळ दुप्पट. घरी बॅटरीवर लावून बघितलेली लाईट मस्त वाटते आणि गाडीवर चार महिन्यांत एकेक ठिपका काळा पडत जातो तो यामुळे. आत ड्रायव्हर असलेली, ९ ते ३० व्होल्ट लिहिलेली, मागे ॲल्युमिनियमची बॉडी असलेली लाईट घ्या. मीटरने खात्री करता येते: चांगल्या ड्रायव्हरच्या लाईटमध्ये व्होल्टेज वाढलं की करंट उलट थोडा कमी होतो.

पाण्याचं सांगतो. आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ते लाईटच्या डब्याबद्दल आहे, तुम्ही वायरीला कुठे भोक पाडलं त्याबद्दल नाही. पहिल्या दुकानात निळे टॅप कनेक्टर मारले होते, जे वायरीवर दाबले की आतलं पातं इन्सुलेशन कापून तारेला लागतं. करूळच्या एका पावसाळ्यात पाणी त्या कापातून आत शिरलं आणि तांब्याच्या बारीक तारांच्या मधून, इन्सुलेशनच्या आतल्या आत, थेट लाईटपर्यंत चढलं. वायर सोलली तर वीतभर आतपर्यंत तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. लाईट चालून गरम झालेली असते, वरून गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि ती ओल आत ओढते. म्हणून जोड शक्यतो केबिनच्या बाजूला घ्या, बॉनेटखाली घ्यावाच लागला तर क्रिंप करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा, आणि वायर लाईटमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. रिले इंजिनच्या बाजूला असेल तर पिना खाली तोंड करून लावा. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा चिकटा होतो आणि पावसाळ्यात ती सुटून लोंबते.

जागा कुठली? युरोपात २०११ च्या फेब्रुवारीपासून नव्या मॉडेलच्या कारना डीआरएल सक्तीचे झाले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ४८ नंबरच्या नियमात त्याची मापं आहेत: जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंची, दोघांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर. ८७ नंबरच्या नियमात उजेडाची मर्यादा १२०० कँडेलापर्यंत (कँडेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप). आपण घरी कँडेला मोजू शकत नाही, पण बारवरच्या एलईडी पट्ट्या डीआरएल म्हणून दिवसभर जाळणं किती चुकीचं आहे ते त्या आकड्यावरून कळतं, त्या याच्या कितीतरी पट असतात. पांढराच रंग घ्या. आणि लाईट इंडिकेटरला चिकटून लावू नका, मी पहिल्यांदा तशी लावली होती आणि समोरून बघणाऱ्याला इंडिकेटर दिसतच नव्हता, ४८ नंबरच्या नियमातही ४० मिलिमीटरच्या आत असेल तर इंडिकेटर चालू असताना डीआरएल बंद किंवा मंद करायची मुभा आहे. मी बंपरवर आतल्या बाजूला सरकवली. बंपर न कापता, असलेल्या भोकांवर पट्टी लावून. बॉडीत कापाकापी करू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असे बदल चालत नाहीत.

एक कळकळीचं. डीआरएल लागले की मागची लाईट लागत नाही. धुक्यात पुढे उजेड दिसतो म्हणून माणूस निवांत चालवतो आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची गाडी काळीच असते. गगनबावड्याच्या वरच्या चौकात मी स्वतः अशा दोन गाड्यांना थांबवून सांगितलंय. ढगात शिरलात की पार्किंग नाही, सरळ डिपर टाका. आपल्या जोडणीत डिपर टाकला की डीआरएल आपोआप बंद होतात, ते बरोबरच आहे, त्यावेळी त्यांचं काही काम नाही.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस सोडवा, हे सांगायचं राहिलं होतं. आणि जोडणी झाल्यावर या क्रमाने तपासा: चावी बंद, डीआरएल बंद. चावी चालू, दोन्ही फुल. पार्किंग, बंद. डिपर, बंद. अप्पर, बंद. दोन्ही इंडिकेटर एकेक करून, फडफड नाही. मग चावी काढून मीटर परत बॅटरीच्या मायनसमध्ये लावा आणि आकडा बघा. सेल्फ मारताना लाईट क्षणभर मंद होते, बॅटरी तेव्हा दहाच्या आसपास उतरते म्हणून, त्याची काळजी नको.

माझ्या जोडणीला आता दोन पावसाळे झाले. मध्ये गावाकडच्या लग्नाला गेलो तेव्हा गाडी अकरा दिवस उभी होती, आल्यावर पहिल्या सेल्फला चालू झाली. कोणत्या पिनेला कोणती वायर गेलीय ते एका कागदावर काढून, वर तारीख टाकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवलंय. उद्या दुसऱ्या कुठल्या वायरमनने बॉनेट उघडलं तर त्याला पहिल्याच ओळीत दिसेल: हेडलाईट मायनस स्विचिंग, डिपरच्या वायरीवरून काही घेऊ नये.